घरटी एक ताडपत्री

धक्क्यावर कोळशाचा ढीग कायम उघडा पडलेला असायचा. वारा सुटला की त्याची भुकटी थेट कोळीवाड्यात यायची आणि दोऱ्यांवर वाळत घातलेल्या बोंबलांवर बसायची. असले काळे बोंबील बाजारात कोण घेणार? चांगुणाबाय बायकांना घेऊन तक्रार करायला गेली, तेव्हा धक्क्याचे मॅनेजर सरनोबतसाहेब हसले.

"वाऱ्याला काय मी बांधून ठेवू? तुमचे बोंबील झाका की!"

आणि फोटोवाला बोलावून, मोठ्या दिमाखात त्यांनी घरटी एक ताडपत्री वाटली.

चांगुणाबायने वाड्यातल्या सगळ्या ताडपत्र्या गोळा केल्या, आणि जाळी विणणारे हात त्या एकमेकींना जोडायला बसले.

काही दिवसांनी साहेबांच्या दारात एक अगडबंब गुंडाळी येऊन पडली.

"हे काय? दिलेलं परत करता?"

"परत नाय, साहेब. तुमच्या ढिगाच्या मापाची शिवून आणलीय," चांगुणाबाय म्हणाली. "बोंबलाला ऊन लागतं. कोळशाला लागतं काय?"

साहेब हमालांकडे वळून पुटपुटले, "दोर आणा रे."

"आणि त्या फोटोवाल्यालाबी बोलवा," चांगुणाबाय म्हणाली.