दहा पारायणांचा ग्रंथ

जुन्या पुस्तकांचे व्यापारी गोविंदराव खांबेटे रविवारी सांगलीतली जुन्या पुस्तकांची दुकानं पालथी घालत. दुकान तिथे चहा आणि गप्पा. एकदा हुसेनभाईंच्या दुकानात ते कप तोंडाला लावतात तोच व्यासंगी म्हणून मिरवणारे अण्णासाहेब सरंजामे एक ग्रंथ उचलून कडाडले, "हा माझा! दहा पारायणं केलीत मी याची. चोरीचा माल विकता? पोलिसांत देतो!"

हुसेनभाईंचा चेहरा उतरला. मित्रावरचा आळ पुसल्याशिवाय खांबेटे हलणार नव्हते. त्यांनी ग्रंथ चाळायला घेतला, तर छापखान्यातून कडेला जोडलेलीच आलेली पानं कुणी कापलीच नव्हती; ती कापल्याशिवाय आतलं वाचताच येत नाही.

"अण्णासाहेब," खांबेटे अदबीनं म्हणाले, "तुमचा दहादा वाचलेला ग्रंथ आपण जरूर शोधू. हा तर अजून कुणी उघडलेलाच नाही. की हाच तुमचा?"

"माझा नव्हे," असं पुटपुटत अण्णासाहेब पायऱ्या उतरले.