मोबाइलमधल्या साहेबांचा दरबार

राजे अडेलरावांना अटक झाली! तीही त्यांच्याच राजवाड्यात, त्यांच्याच सिंहासनावर आणि पंजाएवढ्या मोबाइलवरून!

मोबाइलच्या पडद्यावर गणवेशातला एक मिशाळ बसला होता. "ए राजा! तुझ्या नावाची चोरटी अफू पकडलीय आम्ही. जागचं हलायचं नाही, फोन बंद करायचा नाही. बंद केलास तर दुप्पट गुन्हा! दिवेलागणीच्या आत खजिन्याचा ओटीपी सांग. खजिना तपासून परत करू. दे शब्द!"

आणि राजांनी दिला की हो शब्द! दिलेला शब्द त्यांनी जन्मात मागे घेतला नव्हता. मूर्खपणाचा असला, तर मुळीच नाही!

सिंहासनामागे हौसा चवरी ढाळत उभी होती. खजिन्यात नव्या तळ्याचे पैसे होते. ते गेले की उन्हाळ्यात अख्खा बोरमाळगड कोरडा, तिच्या आईच्या भाजीच्या वाफ्यांसकट!

मिशाळ तंबाखू थुंकायला उठला, तशी ती राजांच्या कानाशी वाकली.

"महाराज, आपल्या राज्यात अटकेचा हुकूम कुणाच्या सहीने निघतो?"

"माझ्या!"

"मग स्वतःच्या अटकेवर सही केलीत?"

राजे विचारात पडले. "केली नसावी. पण हौसे, गणवेशाची इस्त्री बघ की केवढी कडक आहे!"

"इस्त्री धोब्याची, महाराज! माणूस भामटा आहे. करा तो फोन बंद!"

"शब्द म्हणजे शब्द! मी उठणार नाही, फोन बंद करणार नाही, कुणाला करू देणार नाही आणि दिवेलागणीच्या आत ओटीपी सांगणार. एवढं सांभाळून सोडवता येत असेल तर सोडव. नाहीतर गुमान चवरी हलव!"

हौसाने चवरी खाली ठेवली. मिशाळ येऊन टेकतो न टेकतो, तोच तिने फोनला लवून मुजरा केला.

"साहेब, एक रिवाज सांगायचा राहिला. आमच्याकडे राजा ज्याच्या ताब्यात, दरबार त्याच्या गळ्यात! मागे महाराज तापाने फणफणून वैद्यबुवांच्या ताब्यात होते, तर फिर्यादी वैद्यबुवांना ऐकाव्या लागल्या. बिचाऱ्यांनी महाराजांना सकाळपर्यंत खडखडीत बरं करून टाकलं! तर आजचा दरबार तुमचा."

एवढं बोलून तिने दार सताड उघडलं.

फिर्यादी घेऊन बाहेर खोळंबलेली गर्दी आत घुसली. एका गाढवावर हक्क सांगणारे दोन कुंभार गाढवासकट आले. "साहेब, ह्याचे कान बघा, माझ्याकडेच वळतात!" शेजारणीच्या कोंबड्याने झोपमोड होते म्हणून एक म्हातारी कोंबडाच काखोटीला मारून आली. "ओरडून दाखव रे साहेबांना!" माहुताने हत्ती आणला. त्याने सोंडेने सबंध पडदा हुंगला.

"अरे, हटवा ते!" मिशाळ किंचाळला. "ओटीपी कुठाय?"

"रांगेत या, साहेब!" हौसा म्हणाली. "तुमच्या पुढे हत्ती आहे."

"फोन बंद कर, बये!"

"अगं बाई! दुप्पट गुन्हा व्हायचा ना!"

तेवढ्यात गर्दी आपोआप दुभंगली. राजांच्या सासूबाई आल्या होत्या! त्यांनी फोनसमोर पाट मांडला, पानाचा डबा उघडला आणि ऐसपैस बसकण मारली. "तुम्हीच का नवे न्यायाधीश? बरं झालं. जावईबापूंबद्दल सांगायचंय. लग्नापासून सुरुवात करते..."

मुलीला बघायला आलेल्या पाहुण्यांनी पोहे किती खाल्ले, इथपर्यंतच त्या पोचल्या होत्या.

"सोडला!" मिशाळाने हात जोडले. "राजाला सोडला! अटक रद्द! शब्दातनं मोकळा! ओटीपी तुम्हालाच लखलाभ!" आणि त्याने स्वतःच फोन तोडला.

राजे ताडकन उठले. शब्द शाबूत, खजिना शाबूत! तरी मनात एक शंका होतीच. "हौसे, समजा, तो खराच अधिकारी असता तर?"

"खरा असता तर दारातून आला असता, महाराज! आणि दारात त्याला आधी सासूबाईच भेटल्या असत्या!"

राजे इतके हसले, की मुकुट घरंगळत हत्तीच्या पायाशी गेला. सासूबाई सोडून सगळा दरबार हसला. राजांनी दंडावरचं सोन्याचं कडं काढून हौसाच्या हातात चढवलं आणि तिथल्या तिथे तिला नेमणूक दिली: बोरमाळगडाच्या तमाम अनोळखी फोनांची सुभेदार!