राजकन्येची वाटणी

एका राज्यात राजाराणीचं पटेनासं झालं. राजा इंद्रधवल पूर्व म्हणे, तर राणी हेमवल्ली पश्चिम. शेवटी राणी नदीपलीकडच्या महालात राहायला गेली. यात नवल काही नाही; मोठ्यांची भांडणं मोठी आणि कारणं बहुधा लहानच असतात.

पण त्या राज्यात एक रीत होती. घर फुटलं, की कालकंठ नावाचा मांत्रिक तराजू घेऊन येई आणि भांड्याकुंड्यांबरोबर मूलही तोली. तोलताना मुलाच्या तोंडात गुळाचा भला मोठा खडा देत. लोक म्हणत, शुभ असतं! काटा ज्याच्याकडे वळे, मूल त्याचं. दुसऱ्याला हाक मारायचा शब्द मुलाच्या जिभेवरून उतरे, त्याचा मणी होई आणि तो कालकंठाच्या गुहेत जाई. ज्याची हाक गेली, ते माणूस त्या मुलाला दिसत नसे, ऐकू येत नसे.

राजकन्या शाल्मली राजाच्या वाटणीला आली. राणी रोज होडीतून येई, लेकीसमोर बसून बोले. शाल्मलीला वाटे, वारा सुटलाय. पण न्हाणं झालं, की ती केस मोकळे सोडून पाठमोरी बसून राही. कुणाची वाट पाहतो आहोत, हे तिचं तिलाच कळत नसे.

एके दिवशी खिडकीतली साळुंकी म्हणाली, "राजकन्ये, रोज कुणीतरी येऊन तुझ्यासमोर रडतं आहे."

"कोण?"

"सांगून तुला कळणार नाही. तो शब्द कालकंठाच्या गुहेत आहे."

शाल्मली तडक गुहेकडे निघाली. कालकंठ हसून म्हणाला, "तीन कामं कर आणि मणी ने."

पहिलं काम जळत्या वनातलं फूल आणायचं. साळुंकीने ओढ्याखालची वाट दाखवली, तिने फूल आणलं. दुसरं, अजगराच्या विळख्यातली किल्ली आणायची. ती अजगराला म्हणाली, "मला किल्ली हवी आहे, द्याल का?" अजगराला आजवर कुणी नीट विचारलंच नव्हतं. त्याने दिली.

तिसऱ्या कामासाठी कालकंठाने राजाराणीला बोलावून घेतलं. "पुन्हा तराजूत बस," तो शाल्मलीला म्हणाला. "काटा पलीकडे वळवतो. गेलेली हाक तुला परत, वडिलांची हाक मला."

त्याने तिच्या तोंडात गूळ कोंबला. शाल्मली पारड्यात बसली. एका बाजूला मान खाली घातलेले बाबा, दुसऱ्या बाजूला रिकामी जागा, आणि त्या रिकाम्या जागेसाठी जीव तुटत होता. तिला रडू आलं. मग भयंकर राग आला. तिने गूळ थुंकून टाकला.

"मला तोलता कशाला? मला विचारा ना!"

"तराजूत मुलांनी बोलायचं नसतं!" कालकंठ ओरडला.

"म्हणून गूळ देता होय! मला दोघंही हवीत. एका घरात राहा, नाहीतर राहू नका, ते तुमचं तुम्ही बघा. पण माझं माणूस माझ्यापासून तोडू नका."

बोलत्या जिवाला तोलणं त्या तराजूला जमत नसे. त्याची दांडी कडाडून मोडली. गुहेतले सारे मणी विरघळले, आणि राज्यभर कुणी जेवताना, कुणी खेळताना मुलं एकदम हाका मारू लागली. कालकंठाची विद्या गेली. उरला साधा म्हातारा, तो काठी टेकत निघून गेला.

रिकाम्या जागी राणी उभी होती, पार वाळून गेलेली.

"आई! तू रोज यायचीस?"

"रोज, बाळा."

"मी तर बोलतच नव्हते गं."

"मी बोलत होते ना," राणी म्हणाली, आणि दोघी पोटभर रडल्या.

राजाराणी पुन्हा एकत्र आले नाहीत. आले असते तर मलाही आवडलं असतं, पण ते कुणाच्या मंत्राने होत नाही. मुलाला विचारल्याशिवाय त्याचं काही ठरवायचं नाही आणि कुणाच्याही हाकेला हात लावायचा नाही, एवढी दवंडी मात्र राजाने पिटवली.

शाल्मली आईकडे मनसोक्त राहिली. मग एका सकाळी म्हणाली, "आता बाबांकडे जावंसं वाटतंय."

राणीने स्वतः वल्हं हाती घेतलं. ऐलतीरी राजा गुडघाभर पाण्यात उतरून उभा होता. राणीने लेकीचा हात त्याच्या हातात दिला.

"तिला सर्दी झाली आहे, महाराज."

"काढा करून देतो," राजा म्हणाला. "आलं जास्त घालायचं ना?"

"हो. आणि मध. नुसता ती पीत नाही."