व्यापाऱ्याच्या कमरेचा सुरा

सरदार हैबतरावांच्या मुलखात घाटातलं जंगल फार दाट होतं. तिथल्या वाटाड्यांसाठी सुरे सरदार स्वतः निवडत. गेल्या साली धर्मा वाटाड्यावर अस्वल आलं. सुऱ्याचं पातं निखळून पडलं आणि त्याच्या हातात नुसती चांदीची मूठ राहिली. धर्मा गेला. त्याच्या जागी आता त्याची बायको तुळसा वाट दाखवायची.

यंदा घाटापलीकडून एक व्यापारी आला आणि त्याने सदरेवर तसेच चांदीच्या मुठीचे चकचकीत सुरे मांडले. सरदारांनी लगेच वीस सुरे पसंत केले.

तुळसा पुढे झाली. "सरकार, यांतला एकही जंगलात टिकायचा नाही."

सरदार उखडले. "आमची पारख चुकली म्हणतेस? मग तूच निवड. पण हात न लावता! एक काटकीसुद्धा तोडून बघायची नाही."

तुळसाने मांडलेल्या मालाकडे पाहिलंही नाही. तिने व्यापाऱ्याच्या कमरेकडे बोट केलं. तिथे लाकडी मुठीचा एक काळपट सुरा होता. पात्याचं लोखंड पार मुठीच्या टोकापर्यंत गेलेलं दिसत होतं.

"तो."

व्यापाऱ्याने झटकन त्यावर हात ठेवला. "तो विकायचा नाही! माझ्या वापरातला आहे."

"ऐकलंत, सरकार?" तुळसा म्हणाली. "एवढे सुरे जवळ होते, तरी जंगलातून येताना यांनी स्वतःच्या जिवासाठी हाच कमरेला लावला."

सरदार व्यापाऱ्याला म्हणाले, "असेच वीस घडवून आण."

"एकवीस, सरकार." तुळसाची नजर सरदारांच्या कमरेच्या चांदीच्या मुठीवर होती.