विरजण मागायला शेजारीण हवी

एक होतं नगर, आणि त्याला होता एक राजा. नगर इतकं दाटलेलं, बरं का, की रात्री एकानं कूस बदलली की अख्ख्या घरानं बदलायची! हसू नकोस रे, तुझा पाय आधी माझ्या मांडीवरून काढ.

तिथं सगुणा राहायची. तिचे दिवस भरत आलेले, आणि घरात पाळणा टांगायला जागा नाही. ती रडत राजाकडे गेली. म्हणाली, "महाराज, बाळ ठेवू कुठं?"

राजाला फार वाईट वाटलं. मग तो नदीपलीकडच्या डोंगरराक्षसाकडे जागा मागायला गेला. राक्षसानं फुंकर मारली, आणि पायथ्याशी नवं नगर उभं! रुंद रस्ते, मोठाली घरं. पण राक्षस म्हणाला, "तिसऱ्या पुनवेला घरं रिकामी दिसली, तर सगळं गिळून टाकीन."

मग राजानं दवंडी पिटली. या आळीतलं एक घर, त्या आळीतलं एक घर, अशी माणसं निवडून पाठवली. सगुणाही नवऱ्याबरोबर गेली. पाळण्यासाठी छान तुळई होती. संध्याकाळी तिनं दूध तापवलं, आणि विरजण मागायला शेजारी गेली. शेजारीण अनोळखी, तीही विरजण शोधतेय! मग सगुणा पूल ओलांडून जुन्या आळीत आपल्या शेजारणीकडे, चंद्राक्काकडे गेली. गप्पा रंगल्या, आणि ती तिथंच राहिली. एकेक करून सगळेच परतले. पहिली पुनव गेली.

मग राजानं तिथं बागा लावल्या, कारंजी उडवली. लोक आले, हिंडले, चिवडा खाल्ला आणि दिवेलागणीला घरी परतले. दुसरी पुनव गेली. राक्षसाच्या पोटात कावळे ओरडायला लागले.

मग राजा स्वतः सगुणाच्या दारी आला. "बाई, तिथं कमी काय आहे?"

"विरजण, महाराज."

"एवढंच? हंडे भरून दही पाठवतो!"

"दही नको हो. हक्कानं विरजण मागता येईल अशी शेजारीण हवी. आमची आळीच्या आळी न्या, दाराला दार लागून आहे तशी."

राजानं कपाळावर हात मारला. मग म्हणाला, "चुकलंच माझं. मी घरं मोजली, शेजार विसरलो."

मग आळी निघाली. कुंभार निघाला, रोज भांडणाऱ्या दोघी जावा निघाल्या, लंगडा मोती कुत्राही निघाला. चंद्राक्कानं पदराखाली वाटीभर विरजण घेतलं. ते घरोघर गेलं. मागून दुसरी आळी आली, मग तिसरी.

तिसरी पुनव आली. राक्षस आ वासून वाकला. तेवढ्यात आतून आवाज आला, कुईं... कुईं... सगुणाच्या मुलीचा पाळणा हलत होता! राक्षसानं हळूच तोंड मिटलं. बाळ उठू नये म्हणून पाय न वाजवता मागं सरला, आणि नगराला वारा लागू नये असा आडोसा करून बसला. अजून बसलाय, बरं का.

आणि जुन्या नगरात? तिथं त्या रात्री प्रत्येकानं आपापली कूस आपापली बदलली. सगळे सुखानं झोपले.

चला, तुम्हीही बदला बघू कूस. सरका थोडे, धाकटीला जागा द्या. हं, आता मिटा डोळे.