सहावा शब्द

आमच्या वृद्धाश्रमात धारप सर रोज इंग्रजी अक्षरांच्या सोंगट्या मांडून शब्द शोधत बसायचे. मी जन्मभर कुलपं दुरुस्त केली, शाळा काही पाहिली नाही. दिवसचे दिवस माझ्याशी कुणी बोलत नसे.

एकदा मी त्यांच्या टेबलाशी खुर्ची ओढलीच. सर हसले. "लोखंडे, ही चारही अक्षरं वापरून मला पाच शब्द सापडलेत. सहावा काढा, मग खुशाल रोज बसा. नाहीतर पुन्हा इकडे फिरकू नका."

"काढतो. वाचायचं मात्र तुम्ही."

किल्ली हरवलेल्या कुलपाला जुडग्यातली एकेक किल्ली लावून बघतात, तशा मी सोंगट्या सावकाश फिरवत गेलो. सर "नाही", "हा झालाय" म्हणत राहिले. एकोणिसाव्या खेपेला त्यांनी माझा हात धरून थांबवला. शब्द जुळला होता.

मग उसळून म्हणाले, "यात तुमची कसली हुशारी? शब्द ओळखला मी!"

"तेच तर म्हणतो सर. तो एकट्याला सापडत नव्हता. तुम्हालाही नाही, मलाही नाही."

सरांनी पाचवी सोंगटी माझ्यापुढे सरकवली. पाच अक्षरांना अख्खी संध्याकाळ लागली. मला कुठं घाई होती?