साखळी आणि राजांची ओटी

मांजरबेटाच्या उदाजीराजांचं गलबत बांधायची साखळी पाण्याखाली गंजून तुटली, आणि तुटली तीही राजे गलबतात दुपारचे घोरत असताना! जाग आली तेव्हा गलबत वाहत वाहत थेट वैऱ्याच्या बंदराला लागलं होतं. वैरी मोठा खट्याळ. त्याने ना कैद केली, ना खंडणी मागितली. माहेरवाशिणीची भरावी तशी साडी-नारळाने राजांची ओटी भरली आणि "पुन्हा या हं" म्हणून परत पाठवलं.

राजांची अब्रू गेली आणि राग निघाला धाकू लोहारावर.

"नवी साखळी घड. नारळी पौर्णिमेला समुद्रात जाईल ती शिमग्यालाच वर येईल. तेल नको, डांबर नको, मला वासानं मळमळतं. आणि गंज दिसला तर गलबताऐवजी तुलाच पाण्यात बांधून ठेवीन!"

धाकू घरी येऊन कपाळाला हात लावून बसला. "समुद्रापुढं लोखंड ठेवायचं आणि खाऊ नको म्हणायचं. मांजराला दुधाची राखण द्यावी तसंच की हे."

सून आवडा भाकरी थापत होती. "मामंजी, मग मांजराला आधी बांगडा घालूया."

भट्टीशेजारच्या खाऱ्या पाण्याच्या डोणीत एक सांडशी कितीतरी दिवस पडून होती. तिच्यात जस्ताचा तुकडा अडकला होता. तुकडा झिजला, सांडशी मात्र कोरीच राहिली. आवडाने ते बघून ठेवलं होतं. तिने कासाराकडून नारळाएवढा जस्ताचा गोळा आणवला आणि साखळीला घट्ट जखडायला लावला.

शिमग्याला साखळी वर ओढली. सगळं गाव किनाऱ्यावर जमलं होतं. शेवाळ खरवडलं तर लोखंड जसंच्या तसं! गोळा मात्र सुपारीएवढा उरला होता.

"गोळा कुणी चोरला?" राजे गरजले.

"समुद्रानं खाल्ला, सरकार," आवडा म्हणाली.

"आणि साखळी का सोडली?"

"सरकार, काल पंगतीत तुमच्या पानात पुरणपोळ्या होत्या आणि कारल्याची भाजीही होती. भाजीला हात लावलात?"

राजांनी मिशीवरचं कालचं तूप चाचपलं. "म्हणजे समुद्र आणि मी..."

"खाण्याच्या बाबतीत सख्खे भाऊ."

राजे पोट धरधरून हसले. धाकूला त्यांनी हातातलं सोन्याचं कडं दिलं. मग वाड्यातून लपवून ठेवलेली एक साडी मागवली आणि आवडापुढे धरली.

"घे पोरी. आता माझं माहेरी जाणं काही होत नाही!"